मास्टरशेफ इंडियाचा सातवा हंगाम: नागपूरकर प्रेक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात स्वयंपाकाचे वर्ग घेते. वर्गात, भिशीत, लग्नाच्या पंगतीत, गोकुळपेठेच्या बाजारात मेथीची जुडी निवडतानाही लोक या एका हंगामाबद्दल मला अजून विचारतात. काहींनी तो तेव्हा टीव्हीवर पाहिला, काहींनी नंतर मोबाइलवर. प्रश्न फिरून फिरून तेच असतात. त्यांत राग असतो, कौतुक असतं, एखाद्या आवडत्या स्पर्धकाबद्दलची हळहळ असते. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचा.

हा हंगाम नेमका कोणता? कोण जिंकलं होतं?

२ जानेवारी २०२३ ला सोनी टीव्हीवर सुरू झाला आणि ३१ मार्च २०२३ ला संपला तो. परीक्षक होते विकास खन्ना, रणवीर ब्रार आणि गरिमा अरोरा. शेवटच्या फेरीत तिघं पोहोचले: आसामचा नयनज्योती सैकिया, आसामच्याच सांता शर्मा आणि मुंबईच्या सुवर्णा बागुल. नयनज्योती जिंकला, त्याला २५ लाख रुपये मिळाले. अंतिम भागाला संजीव कपूर पाहुणे म्हणून आले होते.

निकाल पटला का लोकांना?

माझ्या आजूबाजूच्या बहुतेकांना पटला. एरवी निकाल लागला की दुसऱ्या दिवशी "सेटिंग होती" हे ऐकायला मिळतंच, इथे ते फार कमी ऐकलं. कारण हा मुलगा बोलायचा कमी. नजर ताटावर, हात कामात, परीक्षकांनी कौतुक केलं तर ओशाळून हसायचा. त्याच्या वडिलांना मुलानं स्वयंपाकात पडणं मान्य नव्हतं आणि त्यांची समजूत घालायला विकास खन्ना आसामात त्याच्या घरी गेले होते. तो भाग पाहताना आमच्याकडच्या कितीतरी आयांना आपलं घर आठवलं. मुलगा हॉटेल मॅनेजमेंटला जातो म्हणाला की "म्हणजे आचारीच होणार ना?" असं विचारणारे काका नागपुरातही घरोघरी आहेत.

आणखी एक गोष्ट. त्यानं आपल्या गावाकडचे जिन्नस घेऊन मोठ्या स्वयंपाकघरात उभं राहायचं धाडस केलं. बांबूचे कोंब पाहून महाराष्ट्रात इतरत्र लोक चमकले असतील, पण ज्यांचं सासर-माहेर गडचिरोली किंवा गोंदियाकडे आहे त्यांना त्यात नवल वाटलं नाही. "हे तर आपले वास्ते!" असं वर्गातली एक मुलगी ओरडलीच होती. आपल्या जंगलातलं खाणं टीव्हीवर मानानं मांडलं जाऊ शकतं हे आमच्यातल्या अनेकांना या मुलामुळे पहिल्यांदा दिसलं.

"फिशच्या राउंडमध्ये पनीर काऊन दिलं?"

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि ज्या तावातावानं तेव्हा विचारला जात होता त्याच तावातावानं अजूनही विचारला जातो. झालं होतं असं: स्पर्धकांना मासा वापरून पदार्थ करायचा होता. अरुणा विजय या चेन्नईच्या, जैन पद्धतीनं स्वयंपाक करणाऱ्या स्पर्धक. त्यांना माशाऐवजी पनीर देण्यात आलं. त्यानंतर समाजमाध्यमांवर प्रेक्षक खवळले, पक्षपाताचे आरोप झाले, बातम्याही छापून आल्या.

बाहेरच्या लोकांना वाटतं की हे भांडण मांसाहारी विरुद्ध शाकाहारी होतं. नागपुरात मी जे ऐकलं त्यावरून तरी तसं नव्हतं. ज्या घरांत कांदा-लसूणही चालत नाही त्या घरांतल्या बायकाच मला म्हणाल्या की हे बरोबर झालं नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. एका पंगतीला बसवलं तर वाढताना पंक्तिप्रपंच करू नये.

मासा आणि पनीर यांत फरक चवीचा कमी आणि हाताचा जास्त आहे. मासा साफ करायचा, खवले काढायचे, काटा शोधून ओढायचा, तुकडा सरळ कापायचा. तव्यावर टाकला की नजर हटवायची नाही, कारण मिनिट-दोन मिनिटं इकडची तिकडे झाली की तो कोरडा पडतो किंवा उलटताना तुटतो. जिला किंवा ज्याला सवय नाही त्याचा हात तिथेच थरथरायला लागतो. पनीरही जास्त शिजलं तर रबरासारखं होतं हे खरं, पण त्याला काटा नाही, खवले नाहीत, आणि ते आपल्या प्रत्येकीच्या हाताखालून शेकडो वेळा गेलेलं आहे. एकाच फेरीत दहा जणांची परीक्षा एका विषयाची आणि एकीची दुसऱ्याच विषयाची झाली तर गुणांची तुलना कशी करणार?

मात्र यात अरुणाताईंचा काय दोष? नियम त्यांनी केला नव्हता. आपल्या श्रद्धेप्रमाणे जगणारी बाई स्पर्धेत आली, तिला निवडलं गेलं, तिला जे दिलं ते तिनं मन लावून शिजवलं. लोकांनी त्यांच्यावर व्यक्तिशः जे लिहिलं ते वाचून मला फार वाईट वाटलं. कांदा, लसूण, बटाटा, आलं काहीही न घेता आठवड्यामागून आठवडे टिकून राहणं सोपं नाही. ज्यांना सोपं वाटतं त्यांनी चातुर्मासात पाहुण्यांना असं जेवण घालून बघावं.

चूक नियम करणाऱ्यांची होती. शाकाहारी स्पर्धक घेतला आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मग बदली जिन्नसही तितकाच अवघड निवडायचा. केळफुलाचं घ्या. प्रत्येक फुलातला कडक दांडा आणि पारदर्शक पापुद्रा काढावा लागतो, हाताला चीक चिकटतो, चिरलं की लगेच ताकाच्या पाण्यात टाकावं लागतं नाहीतर काळं पडतं. घड्याळ चालू असताना ते कुणी नीट केलं तर मासा कापणाऱ्याच्या तोडीचं काम झालं असं कुणीही मान्य केलं असतं. हे स्पर्धा सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर जाहीर केलं असतं तर एकाही प्रेक्षकानं तोंड उघडलं नसतं.

मग शाकाहारी लोकांनी भागच घ्यायचा नाही का?

घ्यायचा, अवश्य घ्यायचा. या कार्यक्रमाचा २०१५ चा चौथा हंगाम संपूर्ण शाकाहारी होता, निकिता गांधी जिंकल्या होत्या. तेव्हाही लोकांनी नाक मुरडलं, पण पक्षपात झाला असं कुणी म्हणू शकलं नाही, कारण नियम सगळ्यांना एकच होता. मला तो हंगाम चवीच्या दृष्टीनं थोडा एकसुरी वाटला होता. न्यायाच्या दृष्टीनं मात्र तो स्वच्छ होता.

आपल्याला चव तर कळत नाही. मग घरी बसून आपण मत द्यायचंच कशाला?

हा प्रश्न मला फार आवडतो. ताट पडद्याच्या पलीकडे आहे, घास परीक्षकाच्या तोंडात जातो, आपण फक्त त्यांचा चेहरा पाहतो. म्हणून "मीठ कमी होतं" किंवा "तिचं जास्त चांगलं झालं होतं" यावर आपण छातीठोकपणे बोलू शकत नाही. पण दोन गोष्टी आपल्याला घरबसल्या नीट कळतात. एक म्हणजे नियम सगळ्यांना सारखा लागला की नाही. आणि दुसरी, हाताचं काम.

हाताचं काम डोळ्यांना दिसतं. पाटवडी घ्या. उकळत्या फोडणीच्या पाण्यात बेसन घालताना गुठळ्या झाल्या की नाहीत, ते कढईच्या कडा सोडून गोळा झालं का, तेल लावलेल्या ताटावर थापल्यावर वरचा भाग चकचकीत दिसतो की पिठूळ, सुरी फिरवली तर वडीच्या कडा सरळ सुटतात की चुरा होतो. चुरा झाला तर बेसन कच्चं आहे किंवा पाणी कमी पडलं आहे. यासाठी जीभ लागत नाही. रश्श्यावर तेल सुटलं आहे की वरून ओतलं आहे हेही नागपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं घरचं रांधलं आहे, त्यांचं मत या बाबतीत परीक्षकांच्या मताइतकंच ऐकण्यासारखं असतं असं मी मानते. सातव्या हंगामात लोक जे बोलले त्यातलं बरंचसं असं नजरेनं तोललेलं होतं, म्हणून मी ते मनावर घेते.

परीक्षक सगळं गार झालेलंच खातात का?

पूर्णपणे नाही. स्वयंपाक चालू असतानाच ते ओट्याओट्यापाशी फिरतात, चमचा घालून चाखतात, भांड्यात डोकावतात. त्यांचं अर्धं मत तिथेच तयार होतं. पण ताटं एकापाठोपाठ एक समोर येतात आणि मध्ये कॅमेरा, दिवे, जागा बदलणं हे चालू असतं, त्यामुळे शेवटच्या ताटापर्यंत वाफ उरत नाही. तळलेल्या पदार्थाला आणि गरम खायच्या भाताला याचा फटका बसतोच.

सगळं आधीच ठरलेलं असतं ना?

कोण जिंकणार हे ठरलेलं असतं याचा कुठलाही पुरावा माझ्यासमोर नाही, त्यामुळे मी तसं म्हणणार नाही. संकलन मात्र असतंच. दिवसभराचं चित्रीकरण तासाभरात बसवायचं तर काय ठेवायचं आणि काय कापायचं हे कुणीतरी ठरवतंच, आणि त्यातून एखादा स्पर्धक भांडखोर, एखादा बिचारा दिसू लागतो. स्वभावाबद्दलची मतं जपून बनवा.

इतकी रडारड कशाला?

तक्रार रास्त आहे. आठवणी, आई-वडील, कर्ज, आजारपण, मागे वाजणारं संगीत, आणि त्या गडबडीत फोडणीत काय पडलं ते दाखवायचंच राहून जातं. माझ्या वर्गातल्या मुली तर वही-पेन घेऊन बसत आणि वैतागून उठत. कृतीची पायरी दाखवली असती तर चार गोष्टी शिकता आल्या असत्या.

पण सगळं रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. ज्या बाईनं वीस वर्षं घरात रांधलं आणि कुणी "छान झालंय" एवढंही म्हटलं नाही, तिच्यासमोर देशातला नावाजलेला शेफ उभा राहून तिच्या आमटीची वाटी रिकामी करतो, तेव्हा तिचे डोळे भरून येणारच. असे अश्रू मी माझ्या छोट्याशा वर्गातही पाहिले आहेत.

गरिमा अरोरा लोकांना आवडल्या का?

सुरुवातीला "फार कडक आहेत", "हसतच नाहीत" असं ऐकू यायचं. हळूहळू मत बदललं. बँकॉकमधल्या त्यांच्या 'गा' या रेस्टॉरंटला २०१८ साली उत्तम रेस्टॉरंटना दिला जाणारा मिशेलिन तारा मिळाला, आणि असा तारा मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांचं बोलणं भावनेत गुंतायचं नाही. आंबटपणा कुठे कमी पडला, कुरकुरीतपणा का गेला, दोन चवी एकमेकींना का मारतात, हे त्या थेट सांगायच्या. स्वयंपाक शिकणाऱ्याला याचाच उपयोग होतो. विकास खन्ना धीर देतात, रणवीर ब्रार पदार्थाची गोष्ट सांगतात, आणि या दोघांच्या मध्ये असं मोजूनमापून बोलणारं कुणीतरी हवंच होतं. माझ्यासाठी या हंगामातली सगळ्यात चांगली निवड म्हणजे त्या.

सावजी त्या स्वयंपाकघरात टिकेल का?

नागपूरकर हे विचारल्याशिवाय राहतच नाही. टिकेल, पण घड्याळ जड जाईल.

सावजी म्हणजे नुसतं तिखट नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून आलेला हा स्वयंपाक. खसखस, सुकं खोबरं, धने, मिरी, दगडफूल वेगवेगळं भाजायचं, बारीक वाटायचं, मग मसाला तेलात मंद आचेवर इतका परतायचा की त्याचा कच्चा वास जाऊन तेल बाजूला होतं. जुन्या पद्धतीत तेल जवसाचं. ते नीट तापवून घेतलं नाही तर त्याचा उग्रपणा सगळ्या रश्श्याला लागतो. मिरची म्हणाल तर भिवापूरची, जिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. यातली कुठलीही पायरी गाळली की तिखटपणा घशाला लागतो आणि चव मागे राहते. इतवारीतल्या किंवा सक्करदऱ्यातल्या चांगल्या सावजी भोजनालयात जेवलात तर नाकातून पाणी येतं, तरी हात थांबत नाही. ती गंमत या परतण्यात आहे.

साठ मिनिटांच्या फेरीत भाजणं, वाटणं, परतणं आणि मटण शिजवणं, सगळं बसवायचं म्हणजे कुकरला शरण जावं लागेल. जमेल, मी करून पाहिलेलं आहे, पण तर्रीचा रंग तसा येत नाही. परीक्षकांनी "तिखट कमी करा" म्हटलं तर काय करायचं हेही स्पर्धकानं आधीच ठरवून जावं. माझा सल्ला, कमी करू नये. सोबत ज्वारीची भाकरी, कांदा आणि लिंबू द्यावं आणि कसं खायचं ते सांगावं.

आपले पदार्थ त्या परीक्षकांना समजतील का, की फक्त दिसण्यावर मार्क जातील?

इथे माझी एक खरी काळजी आहे. प्रत्येक पदार्थ खायची एक रीत असते, आणि स्पर्धेतला घास मात्र सगळ्यांसाठी एकाच मापाचा असतो: काट्याचमच्यानं, ताटाच्या कोपऱ्यातून, एकदा.

गोळाभाताचं उदाहरण देते. भरडलेल्या डाळीचे, तिखट-मीठ-हळद घातलेले गोळे भाताबरोबरच वाफेवर शिजतात. ताटात भात, त्यावर गोळा. पण तो तसाच खायचा नसतो. गोळा हातानं कुस्करायचा, भातात मोकळा मिसळायचा आणि वर लसूण-लाल मिरचीची कडकडीत फोडणी सढळ हातानं ओतायची. तेल भातात मुरलं की मग पहिला घास. आता कुणी परीक्षक चमच्यानं गोळ्याचा एक कोपरा तोडून तोंडात टाकेल तर त्याला ते कोरडं, दाटरं डाळीचं ढेकूळ लागेल. तो म्हणेल, "ड्राय आहे." तो खोटं बोलत नसेल, पण त्यानं गोळाभात खाल्लेलाच नसेल.

सातव्या हंगामात हे काही वेळा जाणवलं आणि काही वेळा परीक्षकांनी मनापासून हातानं खाल्लंही, ते पाहून बरं वाटलं. बाहेरच्या देशांतली उदाहरणं तर आपल्या बाजूची आहेत. मुंबईत जन्मलेले शेफ फ्लॉइड कार्डोझ २०११ साली अमेरिकेतल्या टॉप शेफ मास्टर्समध्ये जिंकले ते उपम्याच्या जोरावर. ऑस्ट्रेलियाच्या मास्टरशेफमध्ये २०२१ साली किश्वर चौधरी यांनी अंतिम फेरीत पांता भात मांडला, म्हणजे पाण्यात भिजवलेला शिळा भात, आणि त्या तिसऱ्या आल्या. शेतावर जाताना आपल्याकडेही शिळा भात ताकात कालवून नेतातच की. तो भात तिथे मानानं वाढला गेला, कारण परीक्षकांनी तो त्याच्या रीतीनं चाखला.

म्हणून स्पर्धकाला माझं सांगणं असतं, ताट समोर ठेवून हात मागे बांधून उभे राहू नका. "सर, आधी हा गोळा कुस्करा, हे तेल मी ओतते, मग घास घ्या," असं स्पष्ट सांगा. आणि कार्यक्रम करणाऱ्यांना सांगणं असं की हे सांगायला स्पर्धकाला वेळ द्या.

सुवर्णा बागुल जिंकायला हव्या होत्या का?

मराठी माणूस म्हणून मनातून वाटत होतंच, नाही कशाला म्हणू. त्या पहिल्या तिघांत आल्या ही मोठी गोष्ट आहे. त्या दिवशी भिशीत आमच्या दोन तट पडले होते, एक सुवर्णाताईंचा आणि एक नयनज्योतीचा. मला तो निकाल योग्य वाटला.

ऊर्मिला बा कुठल्या हंगामात होत्या?

याच. सत्तरी ओलांडलेल्या गुजराती आजी, पांढरे केस, बिनदाताचं मोकळं हसू. फार पुढे गेल्या नाहीत, पण ज्या घरांत सासूबाई टीव्हीसमोर बसतात त्या घरांत त्यांची आठवण सगळ्यात जास्त निघते. २०२५ मध्ये त्या गेल्या. त्यांना वयामुळे सवलत मिळाली असं काही जण म्हणतात. त्यांचा हात ज्या सहजतेनं चालायचा तो पाहून मला तसं वाटलं नाही.

प्रेक्षकांना मतदान का नव्हतं?

कारण चव मतदानानं ठरत नाही. गाण्याचा कार्यक्रम आपण कानानं ऐकतो, इथे आपल्याकडे घासच नाही. शिवाय मतदान ठेवलं की ज्या राज्यात मोबाइल जास्त त्या राज्याचा स्पर्धक पुढे. ही मागणी मला अजिबात पटत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या मास्टरशेफसारखं आपलं का नाही होत?

मूळ कार्यक्रम ब्रिटनचा, १९९० साली बीबीसीवर सुरू झालेला. आपल्याकडचा साचा बराचसा २००९ पासूनच्या ऑस्ट्रेलियन कार्यक्रमावरून घेतला आहे. तिथे स्वयंपाकाला वेळ जास्त देतात, स्पर्धक एकमेकांना मदत करतात, हरलेल्याला मिठी मारतात, आणि आपल्या कॉलेजातल्या मुलांना ते फार भावतं. आपल्याकडे घरची कहाणी जास्त. मात्र एका बाबतीत आपला कार्यक्रम मला जास्त जवळचा वाटतो: इथे आजीच्या खलबत्त्याला आणि गावातल्या भाजीला जागा मिळते. ती जागा वाढावी.

आठवा हंगाम टीव्हीवर का दिसला नाही?

तो २०२३ मध्येच सोनी लिव्हवर, म्हणजे फक्त ऑनलाइन आला. मंगळुरूचा मोहम्मद आशिक जिंकला. तरुणांना फरक पडला नाही. पण नागपूरच्या महाल, मानेवाडा, नंदनवन या भागांत ज्या आजी-आजोबांकडे केबल आणि रिमोट एवढंच आहे, त्यांचा कार्यक्रम हिरावला गेला. नातू घरी आला की त्याच्या मोबाइलवर एखादा भाग, एवढंच त्यांच्या वाट्याला आलं. आधीचे सात हंगाम ज्यांनी नेमानं पाहिले, त्यांचा विचार व्हायला हवा होता.

उषा नाडकर्णी होत्या तोच का हा हंगाम?

नाही. तो २०२५ चा सेलिब्रिटी मास्टरशेफ. त्यात फराह खान होत्या, गौरव खन्ना जिंकला. उषाताई आणि अभिजीत सावंत यांच्यामुळे आपल्याकडे तोही पाहिला गेला, पण नटांची मजा वेगळी आणि घरच्या स्वयंपाक्यांची स्पर्धा वेगळी.

मराठीत अशी स्पर्धा का होत नाही?

मराठीत पाककृतींचे कार्यक्रम भरपूर झाले. प्रशांत दामले यांचं 'आम्ही सारे खवय्ये' घराघरात पोहोचलं. आपल्या नागपूरच्या विष्णू मनोहर यांनी 'मेजवानी'मधून कितीतरी बायकांना वऱ्हाडी-नागपुरी पदार्थ मापासकट शिकवले, आणि २०१७ साली त्यांनी इथेच सलग पन्नास तासांहून जास्त वेळ स्वयंपाक करून दाखवला तेव्हा लोक रात्री-अपरात्री पाहायला जात होते. 'किचन कल्लाकार' आणि 'शिट्टी वाजली रे' आले, पण त्यांत कलाकार होते आणि हसणं-खिदळणं जास्त होतं. घरच्या स्वयंपाक्यांची, जिल्ह्याजिल्ह्यातल्या चवीची, नीट नियम असलेली मराठी स्पर्धा व्हावी असं मला मनापासून वाटतं. चंद्रपूर, भंडारा, कोल्हापूर, मालवण, खानदेश एका ओट्यावर आले तर पाहायला किती मजा येईल! हिंदीचं नागपूरकरांना वावडं नाही, आपण आधी मध्य प्रांतात आणि मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशातच होतो. पण आंबाडीची भाजी समजावून सांगायची तर ती आपल्या भाषेत.

मला पुढच्या ऑडिशनला जायचं आहे. नागपूरचा कोणता पदार्थ नेऊ?

पहिल्या फेरीत पदार्थ बहुधा घरून करून न्यावा लागतो आणि नंबर यायला वेळ लागतो. म्हणून गार झाल्यावरही जो उभा राहतो तोच न्या. गोळाभात नको, तर्रीपोहे नकोत, पोहे कोरडे पडतील.

हिवाळा असेल तर सांबारवडी न्या. सांबार, म्हणजे कोथिंबीर, धुऊन कापडावर पूर्ण सुकवा, ओलावा राहिला तर आवरण फुटतं. सारणात खसखस, सुकं खोबरं, तीळ आणि थोडी चारोळी घाला, आंबटपणाला लिंबू. पारी पातळ लाटा, आतून चिंच-गोडा मसाल्याचं पाणी बोटानं पुसा, घडी घट्ट बांधा आणि मध्यम आचेवर तळा. मोठ्या आचेवर वरून लाल होते आणि आतली घडी कच्ची राहते. कढी वेगळ्या थर्मासात न्या, ताटलीत वडी मधोमध कापून ठेवा म्हणजे हिरवं सारण दिसेल, आणि कढी परीक्षकांच्या समोरच ओता. उन्हाळा असेल तर पाटवडी, रस्सा वेगळा. वडीवर खोबरं आणि सांबार तिथे गेल्यावर भुरभुरा, घरून भुरभुरून नेलं तर पोहोचेपर्यंत सुकतं.